पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: मुलांनी करावा, पण सुरुवात १२ व्होल्टने



गेल्या दोन-तीन वर्षांत पालकसभा संपली की एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. "सर, आमचं पोरगं व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर करायचा म्हणतंय. करू द्यावा का?" विचारणारे पालक बहुधा गोंधळलेले असतात. ज्यांच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना वाटतं, हे तर आजोबांच्या काळातलं, आता मध्येच कुठून उपटलं? आणि ज्यांनी तो रेडिओ पाहिलाच नाही, त्यांना व्हॉल्व्ह म्हटलं की सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवतो.

उपटलंय ते मोबाइलमधून. व्हिडिओत एक देखणं लाकडी खोकं असतं, वर काचेच्या नळ्या नारिंगी उजळलेल्या असतात, खोलीत अंधार आणि मागे एखादं जुनं गाणं. दहा मिनिटांत अ‍ॅम्प्लिफायर तयार! आठवी-नववीतल्या मुलाला हे बघून हुरूप आला नाही तरच नवल. मग घरात दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, "भंगार गोळा करू नकोस, दहावी तोंडावर आलीय." दुसरं, "कर बाबा काहीतरी, निदान हातातला मोबाइल तरी सुटेल." मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. पहिल्याने मुलाची शिकण्याची ओढ जाते. दुसऱ्याने, आणि हे मी घाबरवायला सांगत नाही, मुलाचा जीव जाऊ शकतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलांना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जरूर करू द्यावा. पण पहिला अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर चालणारा असावा. २५० व्होल्टचा दुसरा, आणि तोही मुलाला त्यातल्या प्रत्येक भागाचं काम कागदावर मांडता येऊ लागल्यावर. मधली पायरी गाळायची नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. निर्वात केलेली काचेची नळी. आत एक तापलेला भाग असतो, त्याला कॅथोड म्हणतात. तापल्यामुळे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोर धन विभवावर ठेवलेली धातूची पट्टी असते, ती अ‍ॅनोड किंवा प्लेट. इलेक्ट्रॉन कॅथोडकडून प्लेटकडे जातात, उलटे येत नाहीत. एवढ्यावर फ्लेमिंगने १९०४ मध्ये डायोड केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने या दोघांच्या मध्ये तिसरा इलेक्ट्रोड बसवला. तारेच्या जाळीसारखा, म्हणून त्याचं नाव ग्रीड. जाळीला थोडासा ऋण विभव दिला की इलेक्ट्रॉनची वाट अडते, काढला की मोकळी होते. ज्यांच्या घरी शेती आहे त्या मुलांना मी पाटावरचं दार सांगतो. पाटाला पाण्याचा जोर कितीही असो, दार हलवायला एका हाताचं बळ पुरतं. छोट्या हालचालीने मोठा प्रवाह बदलणं, याचंच नाव प्रवर्धन. वर्गात हे सांगायला मला पाच मिनिटं लागतात आणि मुलांच्या डोळ्यांत समजल्याचं दिसतं. ट्रान्झिस्टर शिकवताना इतक्या लवकर ते दिसत नाही, हे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने मनाशी कबूल करावं.

१९४७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि हळूहळू व्हॉल्व्ह मागे पडला. ते योग्यच झालं. आकाराने मोठा, तापणारा, फुटणारा, वीज खाणारा असा तो प्रकार. आज आवाज मोठा करायचाच असेल तर एलएम३८६ नावाची आठ पायांची चिप, ९ व्होल्टची बॅटरी आणि चार-दोन सुटे भाग पुरतात. मग व्हॉल्व्ह कशाला? कारण त्या चिपमध्ये काय चाललंय ते मुलाला कधीच दिसत नाही. चिप बिघडली की बदलायची, संपलं. व्हॉल्व्हमध्ये सगळं उघड्यावर असतं. स्विच लावला की लगेच आवाज येत नाही, कॅथोड तापायला वीसेक सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात "का नाही आला?" हा प्रश्न आपोआप पडतो. काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमधून टिंग असा आवाज येतो, कारण आतली जाळी थरथरते आणि त्या थरथरण्याचंही प्रवर्धन होतं. एक रेझिस्टर बदलला की मीटरवरचा आकडा बदलतो आणि तो का बदलला हे दहावीच्या गणितात सांगता येतं.

आता धोक्याविषयी. व्हिडिओ बनवणारे यावर अर्धं मिनिट बोलतात, म्हणून मी जरा लांबण लावणार आहे.

स्पीकर वाजवणाऱ्या साध्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २५० ते ३०० व्होल्टचा डीसी पुरवठा असतो. घरातल्या बोर्डाला हात लावू नये हे मुलांना ठाऊक असतं. पण "प्लग काढला की भीती गेली" असंही त्यांना ठाऊक असतं, आणि इथे घात होतो. पुरवठा गुळगुळीत करणारे कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भरलेले राहतात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भरला तर त्यात ½सीव्ही² या सूत्राने ४.५ जूल ऊर्जा साठते. आकडा छोटा दिसतो, पण ती ऊर्जा छातीतून क्षणार्धात गेली तर छोटी ठरत नाही. म्हणून कपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवायचा, त्यातून तो हळूहळू रिकामा होतो. २२० किलोओहम घेतला तर कालांक २२ सेकंद; पाच कालांक म्हणजे ११० सेकंदांनी ३०० व्होल्टचे २ व्होल्ट उरतात. त्या रेझिस्टरमध्ये ३०० × ३०० भागिले २,२०,००० म्हणजे साधारण ०.४ वॉट उष्णता होते, तेव्हा पाव वॉटचा चालणार नाही, २ वॉटचा लावायचा. आणि तरीही हात घालण्याआधी मीटर लावून बघायचंच, कारण तो रेझिस्टर सुटलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. "आमच्या घरी ईएलसीबी बसवलाय, काही होत नाही," असं मला एका वडिलांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं. वायरिंगमधल्या बिघाडापासून तो वाचवतो हे खरं आहे. पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दुसऱ्या गुंडाळीकडची २५० व्होल्टची तार आणि चेसिस यांच्यामध्ये हात आला, तर ती धारा त्याच गुंडाळीत परत जाते. मीटरपाशी बसलेल्या ईएलसीबीला जाणारी आणि येणारी धारा सारखीच दिसते, त्यामुळे तो पडत नाही. इथे संरक्षण माणसाच्या शिस्तीचं, यंत्राचं नाही.

म्हणून १२ व्होल्ट.

ईसीसी८२ नावाचा व्हॉल्व्ह आहे, अमेरिकन नाव १२एयू७. एका काचेत दोन ट्रायोड, खाली नऊ पिना. त्याचा हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर १२.६ व्होल्ट आणि १५० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे यूपीएसमधली किंवा मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी त्याला पुरते. तीच बॅटरी प्लेटलाही जोडायची. डेटाशीटमध्ये प्लेटला शंभर आणि अडीचशे व्होल्ट दिलेले असतात, १२ व्होल्टवर हा व्हॉल्व्ह लंगडत चालतो. पण चालतो! शिकायला तेवढं पुष्कळ आहे. बॅटरीच्या धन टोकापाशी १ अँपिअरचा फ्यूज मात्र घालायचा. १२ व्होल्टचा झटका बसत नसला तरी तारा एकमेकींना चिकटल्या की लाल होऊन जळतात.

पहिल्या दिवशी काहीही डाग द्यायचा नाही. व्हॉल्व्ह हातात घ्यायचा आणि ४ व ५ पिनांमधला रोध मीटरने मोजायचा. मग गणित करायचं: १२.६ भागिले ०.१५, म्हणजे ८४ ओहम यायला हवेत. मीटर त्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. मीटर खराब आहे का? ओहमचा नियम खोटा आहे का? वर्गात यावर चांगली पंधरा मिनिटं भांडण होतं, आणि होऊ द्यावं. शेवटी कुणीतरी म्हणतं, "सर, तो थंड आहे ना आत्ता?" तापमानाबरोबर धातूचा रोध वाढतो, ही पुस्तकातली ओळ तेव्हा त्या मुलाची होते.

दुसऱ्या दिवशी हीटर लावायचा, १ नंबरच्या पिनेला म्हणजे प्लेटला मल्टिमीटरमधून १२ व्होल्ट द्यायचे, ३ नंबरचा कॅथोड बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि २ नंबरची जाळी सध्या कॅथोडलाच. धारा एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी दिसेल. मग घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल घेऊन त्याचं ऋण टोक जाळीला आणि धन टोक कॅथोडला लावायचं. धारा जवळजवळ थांबते. १२ व्होल्टचा प्रवाह दीड व्होल्टने अडवला, आणि तोही सेलमधून धारा न घेता. आमच्या नववीतल्या एका मुलीने हे झाल्यावर सेल उलटा लावून पाहिला (मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर ठेवून), तर प्लेटची धारा वाढली. पण आता सेलमधूनही धारा वाहू लागली. "सर, दारच पाणी प्यायला लागलं," ती म्हणाली. जाळी धन झाली की ती स्वतः इलेक्ट्रॉन खेचते, हे मी सांगायच्या आधी तिला कळलं होतं. जाता जाता एक सांगतो: हे पोरांचं काम, मुलींना कशाला, असं म्हणणाऱ्या पालकांनी एकदा प्रयोगशाळेत येऊन बसावं.

आवाज तिसऱ्या दिवशी. प्लेट आणि १२ व्होल्ट यांच्यामध्ये २२ किलोओहमचा रेझिस्टर, जाळीपासून कॅथोडला १ मेगाओहम, मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रातून येणारा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून जाळीला. प्लेटवरून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल बाहेर काढून कुठल्याही बॅटरीवरच्या स्पीकरच्या 'ऑक्स'मध्ये द्यायचा. मोबाइलचा आवाज अगदी बारीक ठेवूनच सुरू करावं. हा व्हॉल्व्ह स्वतः स्पीकर हलवू शकणार नाही, तेवढी ताकद त्यात नाही, आणि हे मुलांना आधी सांगावं म्हणजे हिरमोड होत नाही. मोबाइलचा आवाज वाढवत नेला की गाणं फाटायला लागतं. तिथे थांबून विचारायचं, का फाटलं? २२ किलोओहमच्या जागी १० लावा, ४७ लावा, बघा काय होतं. कुठला आकडा बरोबर हे मी मुद्दाम लिहीत नाही. तो शोधणं हाच तर तिसरा दिवस आहे.

बाजारात जाताना सावध राहा. मुलाला तयार किट आणून द्यायचा मोह होतो, आणि ऑनलाइन स्वस्त पाट्या खूप मिळतात. त्यांतल्या काही ठीक आहेत. पण काहींमध्ये नळीच्या खाली नारिंगी एलईडी लावलेला असतो, म्हणजे जो उजेड बघून पोरगं हरखतं तो व्हॉल्व्हचा नसतोच. काहींमध्ये आवाजाचं सगळं काम चिप करते आणि व्हॉल्व्ह शोभेला. आणि काही पाट्यांना १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडायचा असतो, पण आतलं सर्किट ते वाढवून दोनशेच्या वर नेतं. खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून आतही १२च असेल असं धरू नका; आकृती मिळाल्याशिवाय किट घेऊच नका. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास विचारावेत. एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. नशीब असेल तर त्यांचा एखादा न वापरलेला व्हॉल्व्ह जुन्या दुकानात सापडतो. नसेल तर ईसीसी८२, ईसीसी८३, ईएल८४ हे आजही नवे बनतात, कारण गिटार वाजवणाऱ्यांना त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ते लागतात.

इथेच माळ्यावरच्या रेडिओचा विषय काढतो, कारण तो येतोच. "घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, त्याच्यापासून सुरुवात करू का?" नको. कृपा करून नको. त्या काळातले बरेच सेट एसी-डीसी दोन्हींवर चालणारे असत. त्यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसे, आणि घरातल्या विजेची एक तार थेट चेसिसला जोडलेली असे. दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावला तर चेसिस न्यूट्रलला, उलटा लावला तर सगळं चेसिस २३० व्होल्टला. वरची बाकेलाइटची बटणं निघालेली असली तर उघड्या दांड्याला हात लागतो. व्हॉल्व्हच्या नंबरची सुरुवात 'यू' या अक्षराने होत असेल, यूसीएच, यूबीएफ, यूएल, यूवाय असे, तर तो सेट याच जातीचा समजावा. त्यात तीस-चाळीस वर्षांनी वायरवरचं रबर भुगा झालेलं असतं, मेणाचे कागदी कपॅसिटर गळत असतात, इलेक्ट्रोलिटिक सुकलेले. असा सेट थेट प्लगमध्ये घालणं म्हणजे रेडिओलाही मारणं आणि कदाचित माणसालाही. पण तो भंगारात देऊ नका. त्याची वायर प्लगसकट कापून टाका आणि मग मुलाच्या हातात द्या. मागचा पुठ्ठा काढून कुठला भाग कुठे जोडलाय याची आकृती त्याला काढू दे. विजेविना उघडलेला रेडिओ हे फार छान पुस्तक आहे.

आता दुसऱ्या टप्प्याबद्दल. १२ व्होल्टचं सगळं करून झालं, मुलाचा उत्साह दोन-तीन महिने टिकला, तर खराखुरा स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला हरकत नाही. माझी पसंती ईसीसी८३ चा एक भाग आणि पुढे ईएल८४ अशा साध्या मांडणीला. मलार्ड कंपनीने १९५९ मध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किटांचं एक पुस्तक काढलं होतं. त्यातला तीन व्हॉल्व्हचा, तीन वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आजही शिकण्यासारखा आहे. पण डाग देण्याआधी मी मुलाची तोंडी परीक्षा घेतो, आणि पालकांनीही घ्यावी. विषय येत नसला तरी घेता येते. उत्तर देताना मूल अडखळतं की नाही एवढं आपल्याला कळतंच.

पहिला प्रश्न असा. ईएल८४ च्या डेटाशीटमध्ये प्लेटची धारा ४८ मिलिअँपिअर, दुसऱ्या जाळीची ५.५ आणि कॅथोडचा रेझिस्टर १३५ ओहम दिलाय. कॅथोडवर किती व्होल्ट दिसायला हवेत? दोन्ही धारा कॅथोडमधूनच जातात, म्हणून ५३.५ मिलिअँपिअर गुणिले १३५, म्हणजे ७.२ व्होल्ट. या एका गणितात मोठी सोय दडलेली आहे. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना २५० व्होल्टच्या आसपास न जाता, मीटरचा क्लिप आधीच कॅथोडला लावून ठेवून, व्हॉल्व्ह ठीक चाललाय का ते कळतं. सातच्या जवळ असेल तर उत्तम. बारा दिसले तर ताबडतोब बंद.

दुसरा प्रश्न आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. व्हॉल्व्हला साधारण ५२०० ओहमचा भार हवा, स्पीकर आहे ८ ओहमचा. भागाकार ६५०, त्याचं वर्गमूळ साधारण २५.५, तेव्हा वेढ्यांचं प्रमाण तेवढं हवं. वर्गमूळ का, हे जे मूल सांगू शकतं त्याला ट्रान्सफॉर्मर समजला. तालुक्याच्या गावात स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे कारागीर असतात, मेन्सचा ट्रान्सफॉर्मर ते उत्तम करून देतात. आउटपुटचा मात्र त्यांना समजावून सांगावा लागतो, कारण त्यातून सतत डीसी वाहते आणि गाभ्यात बारीक फट ठेवावी लागते, नाहीतर गाभा संपृक्त होतो. आणि स्पीकर न जोडता हा अ‍ॅम्प्लिफायर कधी चालवायचा नाही. भार नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि गुंडाळी आतल्या आत जळते.

तिसरा प्रश्न कपॅसिटर रिकामा व्हायला लागणाऱ्या वेळाचा, तो वर आलाच आहे.

ही तीन उत्तरं आली की मोठं माणूस शेजारी बसवून काम सुरू. शेजारी म्हणजे शेजारीच, स्वयंपाकघरातून "सांभाळून रे" म्हणणं धरायचं नाही. तीन पिनांचा प्लग, चेसिसला अर्थिंग, मेन्समध्ये फ्यूज. पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियन वापरतात तसा ६० वॉटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये लावा. कुठे शॉर्ट असेल तर दिवा पेटतो आणि बाकीचं वाचतं. एलईडी दिव्याने हे काम होत नाही. चालू सेटवर मोजायचं झालं तर मीटरचं एक टोक आधी चेसिसला क्लिपने अडकवायचं आणि डावा हात खिशात. खिशाची ही सवय जुन्या रेडिओ मेकॅनिकांची आहे, कारण दोन हातांच्या मध्ये हृदय असतं. आणि ईएल८४ ची काच भयंकर तापते, चटका बसतो, तेही सांगून ठेवा.

आवाजाबद्दल माझं एक मत आहे, काहींना आवडणार नाही. व्हॉल्व्हचा आवाज "शुद्ध" असतो, "खरा" असतो, असं मुलांना शिकवू नये. डेटाशीटच सांगते की ईएल८४ मधून ५.७ वॉट मिळतात तेव्हा त्यात १० टक्के विकृती असते. साध्या चिपमध्ये ती याच्या कितीतरी कमी असते. गंमत अशी की या प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा अंश बराच मिसळतो, आणि दुप्पट वारंवारता म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर. मध्य सप्तकातल्या सा बरोबर तार सा हलकेच लागावा तसं. कानाला ते गोड लागतं यात शंका नाही. पण गोड आणि खरा हे वेगळे शब्द आहेत, आणि विज्ञानाच्या शिक्षकाने त्यांतला फरक सांभाळावा. हिशेबही करायला लावावा: प्लेटला १२ वॉट, दुसऱ्या जाळीला १.४, हीटरला ४.८, म्हणजे १८ वॉट घालून बाहेर जास्तीत जास्त ५.७. बाकी सगळी उष्णता. हे कळल्यावरही मुलाला व्हॉल्व्ह आवडत राहिला, तर ती आवड डोळस आहे.

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलं होतं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात शंभर वर्षांपूर्वीची नळी घेऊन काय बसलात? मला त्यांचा मुद्दा समजतो. रोबोटिक्सच्या किटलाही माझा विरोध नाही. पण तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपण सगळेच बघतो: गाडी रेषेवरून धावते, आणि परीक्षकांनी "हा सेन्सर काय करतो?" विचारलं की मूल शिक्षकांच्या तोंडाकडे बघतं. किट जोडलेलं असतं, कळलेलं नसतं. १२ व्होल्टचा एक ट्रायोड ज्याने तीन दिवस उलटसुलट तपासला त्याला पुढे मॉस्फेट शिकवताना मला फारसं बोलावं लागत नाही. गेट हा शब्द ऐकताच "म्हणजे ग्रीडच की सर" असं उत्तर येतं. पूर्ण बरोबर नाही ते, पण तिथून पुढे नेता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत सुरू करणार असाल तर आणायचं सामान एवढंच: एक ईसीसी८२, नऊ पिनांचा बेस, १२ व्होल्टची बॅटरी, १ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, १.५ व्होल्टचा सेल, साधा डिजिटल मल्टिमीटर, पाच-सहा रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि मगरीच्या तोंडाच्या क्लिपा लावलेल्या दहा तारा. सोल्डरिंगचं साहित्य आत्ता नको, ते तिसऱ्या दिवसानंतर. आणि ते आणाल तेव्हा डाग दिल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय फराळाच्या डब्याला हात लावायचा नाही, नेहमीच्या कथलात शिसं असतं.